भांड्यांची खोली

सॅक्रिस्टीच्या मागं, जिथं पूर्वी घंटेचा जुना दोर टांगलेला असे,
तिथं गावाची भांडी राहतात.
किल्ली माझ्याकडे, वहीही माझ्याकडे.
आधी बापाकडे होती, त्याच्या आधी ओस्तिन मास्तरांकडे.
पगार कुणालाच नव्हता. शिव्या सगळ्यांना.

गाव तसं मुंबईतच. पाणीपट्टी महापालिकेला भरतो आम्ही,
पण खाडीवर तरीत चढताना आजही सांगतो,
मुंबईला जाऊन येतो.

सहा डेगा, तांब्याच्या. परातींचा हिशेब वेगळा.
डेगांच्या गळ्यावर टिंबाटिंबांनी ठोकलेली नावं:
दुमिंग जुजे मुर्झेलो, १९५८, नवसाची.
सांतूबाई, पोरगा बोटीवरून आला म्हणून.
एकीवर नाव नाही, नुसतं
“परत द्यावी.”
ठोकणाऱ्याला दुसऱ्या डेगेवर मुर्झेलोतला रफार जमला नाही,
मुजेलो झालं.
त्या घरातली धाकटी पाती तेव्हापासून
रेशनकार्डावरही मुजेलोच लावते.
तांब्याशी कोण भांडणार?

वहीत असं असतं:
पेद्रूच्या घरी उंबराचं पाणी, पराती दोन, पळा एक.
रोजीमावशीची महिन्याची मिस्सा, चहाचं मोठं पातेलं.
मे महिना, क्रुसाकडे लदीन, चण्यांना टोप.
फुग्यांच्या पिठाला तीच परात, काठ चेपलेली;
बाया दुसरी घेतच नाहीत,
म्हणतात, हिच्यात पीठ लवकर फुगतं.

एकदा पाच पराती लग्नाला गेल्या
आणि त्याच संध्याकाळी परत आल्या,
घासलेल्या नव्हेत, कोऱ्याच.
पोरीचा भाऊ दारात उभा राहिला, सही केली, गेला.
शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला.

यंदाच्या आगेऱ्याला सगळ्या डेगा बाहेर.
भाताची तीनच खाचरं उरलीत गावात,
पण कणसांची पेंडी मात्र केवढी बांधली होती!
(निम्मी पलीकडच्या पाड्यावरून आणली,
फादर नवे आहेत, त्यांना कुणी सांगितलं नाही.)
बाया लाल चौकड्यांच्या लुगड्यांत,
वर्षातून एकदा नेसलेल्या, म्हणून सारख्या खांदा चाचपत.
पोरं बँडवाल्यांना आणायला धक्क्यावर पळाली
आणि नेमका तेव्हाच वारा फिरला.
चुलीचा धूर सरळ मांडवात,
वेदीच्या पांढऱ्या कापडावर.

डेग हलवायला हवी होती.
सांतूबाईची, काठोकाठ भरलेली, उकळती.
तिला दोन कड्या.

जवळ दोनच माणसं होती: कैतान आणि इनास.
सख्खे भाऊ. बारा वर्षं बोलत नाहीत,
कारण विचाराल तर संडासाची भिंत, नऊ इंच.
मिस्सेला एक सेबास्त्यांवच्या पुतळ्याखाली बसतो,
दुसरा पार पंख्याखाली.
शांतीचा हात द्यायची वेळ येते
तेव्हा दोघांच्याही बुटाची नाडी सुटते.

मी कुणाचंच नाव घेतलं नाही.
नुसतं म्हटलं, कापड काळं होतंय.

गोणपाट पाण्यात बुडवून त्यांनी कड्यांना गुंडाळलं.
“धर,” कैतान म्हणाला. डेगेला म्हणाला असेल.
सात पावलं गेले, वाफेत दोघांची तोंडं दिसेनात.
“हलू,” इनास.
मग दोघांतला कुणीतरी, “ठेव.”
ठेवली. रस्सा थेंबभरही सांडला नाही.
हात पुसले,
एक वडाकडे गेला, एक नळाकडे.

जेवणावळ झाली. बँडवाले शेवटी जेवले.
फादरांनी नव्या तांदळाची खीर दोनदा घेतली
आणि विचारलं, हा आपल्याच शेतातला ना?
आम्ही हो म्हणालो.

रात्री चिंच आणि राख घेऊन डेगा घासल्या,
कल्हई सुटत चाललीय,
कल्हईवाला मेला, मुलगा त्याचा मोबाईल दुरुस्त करतो.
मग वही उघडली.
धर, हलू, ठेव.
तीन शब्द. बोलणं धरायचं का हे?
पेन्सिलीला दोनदा टोक केलं.
ओस्तिन मास्तर असते तर त्यांनी काय लिहिलं असतं, कोण जाणे.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
डेगा सहा, जमा.
एक पळा कमी.